लेक्सस, अक्युरा, इन्फिनिटी : जपानी गाड्यांचं बारसं अमेरिकेत का झालं?

गोदाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

हा धागा एका पैजेतून निघालाय. माझा भाचा न्यू जर्सीला असतो. दिवाळीत नाशिकला आला होता, तेव्हा चकल्या खाता खाता म्हणाला, "मामा, नवी गाडी घेतली, अक्युरा." मी म्हटलं, "वा! म्हणजे होंडाच की." तर म्हणे अक्युरा अमेरिकन आहे, जपानात अख्खं आयुष्य शोधलं तरी अक्युराचं शोरूम सापडणार नाही. शोरूम नाही हे खरंच आहे. पण म्हणून ती जपानी नाही हे मला काही पटेना. अर्धा किलो पेढ्यांची पैज लागली आणि तेव्हापासून मी हा विषय उकरतोय.

हाती लागलं ते असं. होंडाने अक्युरा अमेरिकेत आणली मार्च १९८६ मध्ये. ६० डीलर आणि दोनच गाड्या, लेजंड आणि इंटिग्रा. टोयोटाची लेक्सस सप्टेंबर १९८९ मध्ये विक्रीला आली, निसानची इन्फिनिटी त्याच वर्षी नोव्हेंबरात. तिघी जपानी, तिघींचं बारसं अमेरिकेत आणि तेही चार वर्षांच्या आत. हा योगायोग कसा म्हणायचा?

माझं मत सांगतो. ही सगळी कोट्याची करणी आहे. १९७९ च्या तेलटंचाईनंतर अमेरिकन गिऱ्हाईक छोट्या जपानी गाड्यांकडे वळलं, मोटारनगरी डेट्रॉइटमधले कामगार घरी बसू लागले, आणि १९८१ मध्ये वॉशिंग्टनच्या दबावाखाली जपानने वर्षाला १६ लाख ८० हजार गाड्यांची मर्यादा मान्य केली. कागदावर ती ऐच्छिक होती. आता गंमत बघा, मर्यादा नगांवर होती, किमतीवर नाही. एसटीत माणशी दोनच पेट्या न्यायच्या असा नियम निघाला तर आपण रत्नागिरीहून रायवळ आणू की हापूस? जपान्यांनी हापूस भरला.

इथल्या जाणकारांना हे पटतं का? आणि मुख्य म्हणजे पेढे कोणी द्यायचे?

वाचनवेडी_वैदेही

मस्त विषय. खूण ठेवून जातेय, रात्री निवांत वाचेन.

पिस्टनराव

गोदाकाठ, हापूसचं उदाहरण फार आवडलं, पण निष्कर्ष निम्माच पटला.

कोटा महत्त्वाचा होता, वादच नाही. पण १९८४ मध्ये तो १८ लाख ५० हजार झाला आणि १९८५ पासून २३ लाख. म्हणजे अक्युरा आली तेव्हा गळफास बराच सैल झाला होता. शिवाय जपान्यांनी अमेरिकेतच कारखाने टाकायला सुरुवात केली होती. होंडाने ओहायोत १९८२ पासून अकॉर्ड बनवली, निसान १९८३ मध्ये टेनेसीत गेली, टोयोटाने १९८४ मध्ये जनरल मोटर्ससोबत कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला सुरुवात केली. तिथे बनलेल्या गाड्या कोट्यात मोजायच्याच नव्हत्या. स्वस्त माल तिकडे बनवा आणि जहाजातली जागा महाग मालाला ठेवा, इथपर्यंत तुमचं म्हणणं बरोबर.

पण दुसरा धक्का येनचा होता. सप्टेंबर १९८५ मध्ये न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात पाच देशांचे अर्थमंत्री बसले आणि डॉलर खाली आणायचं ठरलं. तेव्हा डॉलरला २४० च्या आसपास येन मिळत होते. १९८७ संपेपर्यंत भाव जवळपास निम्म्यावर आला. येन महागला आणि जपानात बनवलेल्या छोट्या गाडीवरचा नफाच उडाला. त्याच सुमारास, १९८६ मध्ये, कोरियाहून ह्युंदाईची एक्सेल पाच हजार डॉलरच्या आत येऊन धडकली आणि पहिल्याच वर्षी १ लाख ६८ हजारांवर खपली. खालची पायरी हातातून चालली म्हटल्यावर वर चढणं भागच होतं.

आणि तिसरी गोष्ट मला सगळ्यात जवळची आहे. ऑगस्ट १९८३ मध्ये टोयोटाचे अध्यक्ष एइजी टोयोडा यांनी बंद दाराआडच्या बैठकीत विचारलं होतं की जगातल्या सर्वोत्तम गाडीला टक्कर देईल अशी गाडी आपण बनवू शकतो का? तेव्हा प्लाझा करार व्हायचा होता. त्या प्रश्नातून 'एफ-१' नावाचा प्रकल्प सुरू झाला. एफ म्हणजे फ्लॅगशिप, शर्यतीशी संबंध नाही. त्यात हिशेब होताच, पण हौसही होती. इंजिनिअर माणसाची हौस हिशेबात धरायची नाही, हे मला मान्य नाही.

एडिसनकर_आजोबा

मी १९८४ मध्ये शिकायला इथे अमेरिकेत आलो, तेव्हापासून इथेच आहे. आमच्या पिढीने हा प्रकार उघड्या डोळ्यांनी पाहिलाय, म्हणून लिहितो.

आमच्यातल्या प्रत्येकाची पहिली गाडी ठरलेली. सेकंडहँड कोरोला नाहीतर सिव्हिक. नोकरी लागली की अकॉर्ड. मग बढती झाली, घर झालं, मुलं झाली, की माणूस सरळ उठून मर्सिडीज किंवा बीएमडब्ल्यूच्या दुकानात जायचा. होंडावर राग नव्हता हो. होंडाकडे त्याच्यासाठी वरचं काही नव्हतंच. दहा वर्षं जपलेलं गिऱ्हाईक खिसा भरल्यावर हात हलवत निघून जायचं. माझ्या दृष्टीने खरं कारण हे आहे. कोटा नसता तरी हे कधीतरी करावंच लागलं असतं.

मी स्वतः १९९२ मध्ये लेजंड घेतली. अजून आठवतं, होंडाचं दुकान त्याच रस्त्यावर अर्ध्या मैलावर होतं आणि तिथे शनिवारी मंडईसारखी गर्दी. कोट्याच्या दिवसांत तर त्या काउंटरवर किमतीवर वर पैसे मागायचे, पटलं तर घ्या. अक्युराच्या दुकानात गेलो तर एक वयस्कर गृहस्थ दारापर्यंत आले, बायकोला आणि मला बसवलं, आधी चहा की कॉफी विचारलं आणि गाडीबद्दल अवाक्षर न काढता मुलांची चौकशी केली. रंगाने वेगळ्या माणसाला त्या काळी अशी वागणूक सगळीकडे मिळत नव्हती. बायको घरी येताना म्हणाली, "गाडी कशीही असू दे, ह्याच माणसाकडून घ्यायची."

वेगळं नाव का, ह्याचं उत्तर मला त्या खुर्चीत मिळालं. तीच गाडी होंडाच्या गर्दीत उभी असती तर मी तिच्यासाठी तेवढे पैसे मोजले नसते.

कुरकुरीत_चकली

म्हणजे माहेरी होंडा लेजंड, सासरी अक्युरा लेजंड. माहेरी टोयोटा सेल्सिओर, सासरी लेक्सस एलएस. लग्नानंतर नाव बदलायची पद्धत जपानी गाड्यांतही आहे तर! :)

गोदाकाठ

चकली, भाच्याला हेच पाठवलं. म्हणतो, "मग मामा, आता ती सासरचीच झाली ना?" पैज हातची चाललीय बहुतेक.

एडिसनकर काका, फार छान लिहिलंत. हा कोन माझ्या डोक्यातच आला नव्हता.

चाकणकर_क्यूसी

चकलीताईंच्या सेल्सिओरवरून आठवलं.

१९९७ मध्ये आमच्या कंपनीने आम्हा चौघांना जपानच्या आयची प्रांतात ट्रेनिंगला पाठवलं होतं. सुट्या भागांचा पुरवठादार होता, गाड्यांचा कारखाना नाही. तिथल्या साहेबांकडे पहिल्या पिढीची सेल्सिओर होती. तोवर लेक्सस मी फक्त मासिकातल्या फोटोत पाहिली होती. मी त्यांना म्हटलं, "ही तर लेक्सस!" ते नम्रपणे मान हलवून म्हणाले की ही टोयोटा आहे. आणि खरंच, नाकावर टोयोटाचं तीन लंबवर्तुळांचं चिन्ह. ते चिन्ह ऑक्टोबर १९८९ मध्ये आलं आणि पहिल्यांदा लागलं ते सेल्सिओरवरच. नंतर आपल्याकडे २००० साली क्वालिसवर आलं तेच.

मी क्वालिटीचा माणूस, त्यामुळे सवयीने बोनेट आणि फेंडरच्या मधल्या फटीवरून नख फिरवलं. काचेपासून दिव्यापर्यंत नखाला कुठेही चढ-उतार लागला नाही. आमच्याकडे तेव्हा अशी फट तपासायला फीलर गेजची पट्टी घालायचो आणि एका टोकाला ती सैल, दुसऱ्या टोकाला अडकायची. साहेबांनी माझं नख पाहिलं, काही बोलले नाहीत, फक्त मागचं दार उघडून मला लावायला सांगितलं. 'धप्प' असा एकच जाडसर आवाज आला, मागे थरथर नाही. मी तीन वेळा लावून पाहिलं. ते उभे राहून ऐकत होते, जणू त्यांनाही पुन्हा ऐकायचं होतं.

ती गाडी बनायची तिथूनच जवळ, ताहाराच्या कारखान्यात. म्हणजे एकाच लाइनवरून एक गाडी लेक्ससचा 'एल' लावून जहाजावर जायची आणि दुसरी टोयोटा म्हणून गावातच राहायची. जपानात लेक्सस हे नाव आलं थेट २००५ मध्ये. सोळा वर्षं मायदेशाला ते नाव दुकानात दिसलं नाही.

स्पष्टवक्ता_सोलापूर

क्षमस्व, पण इथे सगळे फारच भारावलेत. लेक्ससने पहिल्या दिवशी दोन गाड्या आणल्या. एलएस ४०० बद्दल सगळे बोलतात, ईएस २५० बद्दल कोणीच नाही. ती म्हणजे वेगळे कपडे घातलेली कॅमरी. इन्फिनिटीची एम ३० म्हणजे जपानातली निसान लेपर्ड. अक्युरा इंटिग्रा म्हणजे होंडा इंटिग्रा. तोच माल, नवी पिशवी, वाढीव भाव. गिऱ्हाइकाला मान हवा होता, तो विकला. ह्यात इंजिनिअरची हौस वगैरे मला दिसत नाही.

पिस्टनराव

स्पष्टवक्ता, ईएस २५० बद्दल तुमचं शंभर टक्के बरोबर. डीलरला एका गाडीवर दुकान चालवता येत नाही, म्हणून ती घाईने उभी केली होती.

पण एलएस ४०० ला त्याच मापाने मोजू नका. मुख्य अभियंता इचिरो सुझुकी यांनी जी लक्ष्यं ठेवली ती एकमेकांच्या मुळावर उठणारी होती. ताशी २५० किमीचा वेग हवा, म्हणजे ताकद हवी. पण अमेरिकेत गॅलनला २२.५ मैलांच्या खाली गेलं की इंधनखाऊ गाडीचा जादा कर लागतो, तो लागता कामा नये, म्हणजे वजन कमी हवं. ताशी १०० किमीला आत आवाज ५८ डेसिबल, म्हणजे आवाज दाबायला वजन वाढवायचं. हवेच्या रोधाचा गुणांक ०.२९, तोही दिसायला भारदस्त अशा सेदानमध्ये. एक धरलं की दुसरं सुटतं. सुझुकींचा आग्रह असा की आवाज दाबत बसू नका, तो जिथे जन्मतो तिथेच तो होऊ देऊ नका. म्हणजे इंजिनाच्या भागांची घडणच इतकी नेमकी करायची की थरथर उठणारच नाही.

त्यासाठी १,४०० इंजिनिअर, २,३०० तंत्रज्ञ, सुमारे ४५० नमुना गाड्या आणि १०० कोटी डॉलरहून जास्त खर्च. नुसती पिशवी बदलायला कोणी एवढं करत नाही.

आणि ह्या माणसांनी आधी गिऱ्हाईक पाहिलं. १९८५ मध्ये टोयोटाने आपली माणसं कॅलिफोर्नियात लगुना बीचला नेऊन ठेवली. श्रीमंत अमेरिकन माणूस कसा राहतो, गाडीतून कसा उतरतो, हॉटेलच्या दारात किल्ली कोणाच्या हातात देतो, हे बघायला. जपानात बसून ते कळलं नसतं. तेव्हा बारसं अमेरिकेत का, तर बाळ त्याच घरासाठी बेतलेलं होतं.

शारजाह_गॅरेज

नमस्कार. मी सव्वीस वर्षं आखातात मेकॅनिक आहे, मूळ चिपळूणचा. वाचत होतो, आता राहवलं नाही.

एलएस ४०० चं इंजिन, वन-यूझेड, ४ लिटरचं व्ही-८, मी किती वेळा उघडलंय त्याची गणती नाही. एका अरब म्हाताऱ्याची पहिल्या पिढीची गाडी माझ्याकडे यायची. ४ लाख ३० हजार किमी झाल्यावर स्टार्टर बदलायला घेतला. ह्या इंजिनात स्टार्टर दोन सिलिंडर-रांगांच्या मधल्या घळीत, इनटेक मॅनिफोल्डच्या (इंजिनाला हवा पोचवणाऱ्या नळ्यांच्या) खाली बसवलेला असतो. मॅनिफोल्ड उतरवलं आणि मी आणि माझा पोरगा नुसते बघत राहिलो. वाळवंटातली गाडी, इतकी वर्षं चाललेली, आणि ती घळ आतून स्वच्छ. प्रत्येक वायरला आपली चिमटी, प्रत्येक होजला आपली खाच. कोणाला कधी दिसणार नाही अशी जागा होती ती. पोरगा म्हणाला, "अब्बा, इथे कोण बघणार होतं?"

जोडून दिली, चालू केली, आणि म्हाताऱ्याने विचारलं, चालू झाली का? बोनेटवर हात ठेवून दाखवावं लागलं.

वाचनवेडी_वैदेही

शारजाह_गॅरेज, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. चिपळूणच्या लोकांनी लिहितं राहायला हवं. अजून अनुभव येऊ द्यात.

मेथीची_जुडी

मला ह्यातलं सगळ्यात आवडतं ते रिकॉलचं प्रकरण. कोणी लिहिलं नाही म्हणून मीच लिहिते.

आधी माझा अनुभव. चार वर्षांपूर्वी आमच्या गाडीला कंपनीने सुरक्षेच्या कारणावरून परत बोलावलं होतं. कोणती ते लिहीत नाही. फोन केला तर "पार्ट आला की कळवू". तीन महिन्यांनी कळवलं. गेले तर "आज लिफ्ट रिकामी नाही". पुन्हा गेले तर अर्धा दिवस बसवून ठेवलं आणि गाडी परत मिळाली तेव्हा सीटवर ग्रीसच्या हाताचे ठसे. चूक त्यांची, रजा माझी.

आता १९८९ चा डिसेंबर. लेक्सस बाजारात येऊन तीन महिनेही झालेले नाहीत. एलएस ४०० बद्दल वायरिंग आणि मागच्या वरच्या ब्रेकलाइटच्या तक्रारी आल्या. एक-दोनच होत्या, पण कंपनीने तोवर विकलेल्या सगळ्या ८,००० गाड्या परत बोलावायचं ठरवलं. नवा ब्रँड, जर्मन कंपन्या टपून बसलेल्या, तिथे हे म्हणजे पहिल्याच पंगतीत भातात खडा. पण त्यांनी काय केलं? माणसं गिऱ्हाइकाच्या घरी पाठवली, गाडी नेली, दुरुस्त केली, धुतली, पेट्रोलची टाकी भरून परत दारात आणून उभी केली. जिथे जवळ डीलर नव्हता तिथे तंत्रज्ञ विमानाने गेले आणि गॅरेज भाड्याने घेऊन काम केलं. वीस दिवसांत सगळं पूर्ण.

लेक्सस माझ्या मते कारखान्यात नाही, त्या वीस दिवसांत जन्मली.

एडिसनकर_आजोबा

मेथीची जुडी, शंभर वेळा सहमत. त्या महिन्यात आमच्या ऑफिसात एका वरिष्ठांची एलएस अशीच नेली होती. ते बिचारे काय झालं होतं ते विसरले, पण भरलेल्या टाकीची गोष्ट पुढे कित्येक महिने सगळ्यांना सांगत होते.

कॉपीरायटर_कांचन

जाहिरातींबद्दल लिहिल्याशिवाय धागा पुरा कसा होईल?

लेक्ससची जाहिरात: गाडी रोलरवर, चाकं ताशी १४५ मैलांच्या वेगाने फिरतायत आणि बोनेटवर शॅम्पेनच्या ग्लासांचा मनोरा. एक थेंब सांडत नाही. पिस्टनरावांनी जे तीन परिच्छेदांत सांगितलं ते बघणाऱ्याला न सांगता कळतं. मी नव्या मुलांना शिकवताना अजून तीच दाखवते.

इन्फिनिटीने ह्याच्या अगदी उलट केलं. जाहिरातीत गाडीच नाही. दगड, झाडं, पाणी, पाऊस आणि शांत आवाजात जपानी सौंदर्यदृष्टीबद्दल चार वाक्यं. त्यांची खूप टिंगल झाली. मला मात्र त्या जाहिराती मनापासून आवडतात. तिघांपैकी "आम्ही जपानी आहोत" हे अभिमानाने सांगणारी एकटी इन्फिनिटी होती. बाकी दोघींनी ओळख जवळपास झाकूनच ठेवली. त्यांच्या मोठ्या गाडीला, क्यू ४५ ला, तर पुढे जाळीसुद्धा नव्हती, सपाट नाक आणि मध्ये पट्ट्याच्या बकलासारखं मोठं पदक. आत लाकडाच्या फळ्या नाहीत. मर्सिडीजची नक्कल करायचीच नाही असं ठरवून केलेली गाडी.

पण बाजाराने लेक्ससला कौल दिला. १९९१ पर्यंत ती अमेरिकेत सर्वाधिक खपणारा आयात आलिशान ब्रँड झाली. इन्फिनिटी मागे पडली ती पडलीच. गाडी विकायची तर गाडी दाखवायला हवी, हे मी मुलांना सांगते, पण सांगताना दर वेळी वाईट वाटतं.

स्पष्टवक्ता_सोलापूर

कांचन, क्यू ४५ त खरंच दम होता. ४.५ लिटर, २७८ हॉर्सपॉवर, एलएसच्या २५० पुढे. पळवायला तीच बरी. इथे मी पिस्टनरावांना निम्मा मुद्दा देतो, सगळाच पिशवीचा खेळ नव्हता.

कोर्टकचेरी

नावावरून थोडं अवांतर. 'लेक्सस' म्हणजे 'लक्झरी एक्स्पोर्ट्स टू यूएस' ही दंतकथा आहे, व्हॉट्सअॅपवर अजून फिरते. यादीत 'अलेक्सिस' असं एक नाव होतं, ते घासूनपुसून लेक्सस झालं. आणि ते ऐकून 'लेक्सिस' ही वकिलांची माहितीसेवा चालवणारी मीड डेटा सेंट्रल कोर्टात गेली. खालच्या कोर्टाने टोयोटाला मनाई केली. गाडी तयार, जाहिराती तयार आणि नावच नाही. मार्च १९८९ मध्ये वरच्या कोर्टाने मनाई उठवली, वकिलांची सेवा आणि मोटारगाडी ह्यांत कोणाची गल्लत होणार नाही म्हणून. आम्हाला हा खटला ट्रेडमार्कच्या तासाला शिकवला होता. त्याची दुसरी बाजू आज ह्या धाग्यामुळे कळली, आभार.

कोपऱ्यातला_प्रेक्षक

चौथ्या भावंडाचं नाव कोणी घेतलं नाही. माझदाची 'अमाती'. ऑगस्ट १९९१ मध्ये जाहीर केली, १९९४ ला आणायची होती, ऑक्टोबर १९९२ मध्ये गुंडाळली. तोवर जपानातल्या शेअर आणि जमिनींच्या भावांचा फुगा फुटला होता, आणि अमेरिकेत १९९१ पासून गाडीच्या किमतीतल्या ३० हजार डॉलरच्या वरच्या रकमेवर १० टक्के जादा कर लागला होता. तिच्यासाठी घडवलेल्या गाड्यांतली एक पुढे साध्या माझदाच्या नावाने मिलेनिया म्हणून विकली. पत्रिका छापून लग्न मोडावं तसं झालं.

मित्सुबिशीने ह्या भानगडीत पडायचंच टाळलं. आपली महागडी डायमांटे मित्सुबिशी म्हणूनच विकली.

अजिंठ्याच्या_वाटेवर

अवांतर: २०२४ मध्ये टोयोटाने आमच्या संभाजीनगरला कारखाना काढण्यासाठी राज्य सरकारशी सामंजस्य करार केलाय. गाड्या बनतील तेव्हा बनतील, पण धागा वाचून चाकणकरांचं ते नख आठवतंय. आमच्या वाळूजच्या पोरांना ती नखाची नजर आहे, संधी मिळायला हवी.

चाकणकर_क्यूसी

अगदी! वाळूजची माणसं आमच्याकडेही आहेत, नजर खरोखर पक्की. आणि लेक्सस आता परदेशातलीच राहिलेली नाही. २०१७ मध्ये भारतात आली आणि २०२० पासून ईएस ३०० एच बेंगळुरूजवळ बिडदीला जुळवली जाते. एकदा शोरूममध्ये जाऊन फट तपासून आलो. सेल्समनला वाटलं काहीतरी सांडलंय.

पिस्टनराव

मूळ प्रश्नाकडे येऊ या. एक बाजू राहिलीय, जपानातलं घर.

१९८९ पर्यंत जपानात दोन लिटरच्या वर इंजिन किंवा १.७ मीटरच्या वर रुंदी गेली की गाडी वरच्या वर्गात जायची आणि कर पार चढायचा. १९८९ मध्ये जुना वस्तुकर गेला आणि मोठ्या गाडीवरचा वार्षिक करही उतरला. त्याआधी घरच्या घरी खरी मोठी गाडी खपायला फारशी जागाच नव्हती. जी होती ती टोयोटाची सेंच्युरी आणि निसानची प्रेसिडेंट असल्यांची, कंपनीच्या साहेबांना आणि मंत्र्यांना मागे बसायला. आणि घरी नव्या नावाची गरजही नव्हती. क्राऊन १९५५ पासून चालू, तिथे टोयोटा म्हटल्यावर कोणी नाक मुरडत नव्हतं.

अमेरिकेत मात्र टोयोटाची पहिली ओळखच वाईट झाली होती. तीच क्राऊन १९५७ मध्ये तिकडे नेली आणि हायवेच्या वेगाला तिचं इंजिन टेकीला आलं. १९५८ च्या अख्ख्या वर्षात २८७ क्राऊन खपल्या, १९६० मध्ये गाशा गुंडाळला. मग कोरोना आणि कोरोला ह्या गाड्यांनी नाव कमावलं, पण ते स्वस्त आणि टिकाऊ म्हणून. तेच नाव महागड्या गाडीवर लावलं असतं तर अमेरिकन माणसाला आधी कॉलेजातली कोरोला आठवली असती. तेव्हा गोदाकाठ, महागडी गाडी कशी सुचली त्याचं उत्तर कोटा, येन आणि हौस. पण वेगळं नाव का, त्याचं उत्तर एडिसनकर काकांची ती खुर्ची.

एडिसनकर_आजोबा

एक दुःखाची भर. ज्या अक्युराने वाट पाडली तीच पुढे मागे राहिली. लेजंड हे नाव इतकं मोठं झालं होतं की लोक अक्युरा म्हणतच नसत, "माझ्याकडे लेजंड आहे" म्हणायचे. कंपनीला वाटलं ब्रँड झाकला जातोय. नव्वदच्या दशकाच्या मध्यात नाव काढलं आणि ३.५ आरएल अशी अक्षरं चिकटवली. माझी लेजंड विकायला काढली तेव्हा दोन दिवसांत गेली, आणि पुढच्या गाडीला मी पुन्हा अक्युरा घेतली नाही. अक्षरांवर जीव जडत नाही हो.

गोदाकाठ

मंडळी, काल रात्री भाच्याला व्हिडिओ कॉल केला आणि चालकाच्या दाराचा खांब दाखवायला लावला. तिथे पांढरा स्टिकर असतो ना, तो. एमडीएक्स आहे त्याची. त्याने मोबाईलचा टॉर्च लावला, मी चष्मा लावला. गाडीच्या ओळख-नंबरची सुरुवात ५ ने. जपानी गाडीची 'जे' ने होते. आणि त्याच स्टिकरवर बनवणाऱ्याचं नाव होंडा. गाडी ओहायोतल्या कारखान्यातली निघाली.

मी म्हटलं, "बघ, होंडा!" तो म्हणाला, "बघ मामा, अमेरिका!" दोघंही एकदमच ओरडलो, मागून त्याची बायको विचारत होती काय झालं.

आता तुम्हीच सांगा.

कुरकुरीत_चकली

पाव किलो तुम्ही द्या, पाव किलो तो देईल. आणि त्यातले दोन शारजाहला पाठवा.

शारजाह_गॅरेज

चार. पोरगाही वाचतोय.

पिस्टनराव

भाच्याला एवढं सांगा की १९९६ ची सीएल ही अमेरिकेत बनलेली पहिली अक्युरा, तीही ओहायोचीच. त्याआधीच्या सगळ्या जहाजाने आल्या. त्याची गाडी जन्माने तिकडची, पण घराणं इकडचं. आणि पेढे सातारचे घ्या, कंदी.

गोदाकाठ

सातारचेच मागवतो. भाच्याचं म्हणणं, त्याच्या वाटचे मी उधारीवर द्यायचे, पुढच्या दिवाळीत डॉलरमध्ये फेडतो. भाव आज काढू की तेव्हाचा धरू, एवढं पिस्टनराव सांगतील.